तिकीट काढून ऐकायचं गाणं

रांजणवाडीत हेवी मेटल गाणारा एकच माणूस आहे, आणि एकच पुरे आहे, असं गावाचं मत आहे. पुणतांब्याहून गोदावरीच्या कडेकडेनं निघालं की उसाच्या मधोमध हे गाव लागतं. तिथं कुणालाही विचारा, "महेंद्र रणशूर कुठं राहतो हो?" तो आधी तुमच्याकडं खालून वर बघणार आणि मग विचारणार, "डुकरं लई झालीत काय तुमच्याकडं?" आता गवयाचा पत्ता विचारला तर डुकरांची चौकशी कशाला, हे समजायचं तर गोष्ट मुळापासून ऐकावी लागेल. बसा निवांत.

महेंद्र हा कचरूनाना रणशूरांचा मुलगा. कचरूनाना म्हणजे "कचरू रणशूर आणि पार्टी". दिवसा साखर कारखान्यात फिटर, संध्याकाळी पुढ्यात पेटी. भीमजयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, नेवाशापासून संगमनेरपर्यंत नानांच्या पार्टीला सुपारी असायची. गळा असा गोड की विचारू नका, आणि खणखणीतही तेवढाच. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हातारीला शब्दन् शब्द कळायचा.

गाण्याच्या बाबतीत नानांचे दोन कायदे. पहिला, गाण्यात शब्द कळला पाहिजे. "शबुद कळला न्हाई तर ते गाणं न्हाई, त्यो नुसता आवाज." दुसरा, गाणं चालू असताना कुणी उठायचं नाही. सरपंच उठला तरी नाना पेटीवरचा हात थांबवायचे आणि म्हणायचे, "बसा खाली, गाणं चालू हाय." एकदा म्हणे मंडपाच्या कोपऱ्याला ठिणगी लागली, तरी कडवं संपेपर्यंत नानांनी कुणाला हलू दिलं नाही. विझवणाऱ्यांनी बसल्या बसल्याच पाणी मारलं. ही गोष्ट खरी की खोटी मला ठाऊक नाही, पण गावातली निम्मी माणसं "मी तिथं हुतो" म्हणून शपथ घेतात.

अशा बापाच्या पोटी महेंद्र. लहानपणी तो पार्टीत कोरसला बसायचा, तेव्हा त्याचा आवाज गोड होता. मग मिसरूड फुटलं आणि आवाज फाटला तो फाटलाच. झालं! लग्नात, बारशात, मयतीत, जिथं जाईल तिथं लोक त्याच्या तोंडावर बोलायचे, "नानाचा गळा काय पोरात उतरला न्हाई बुवा." आपल्याकडं असं बोलायला कुणाला काही वाटत नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, आणि महेंद्रला फार वाटायचं. त्यानं गाणं सोडलं ते सोडलंच.

पुढं तो डिप्लोमा करायला संगमनेरला गेला. तिथं होस्टेलवर काशिफ नावाचा गिटार वाजवणारा पोरगा त्याच्या खोलीत होता. एका दुपारी काशिफनं गंमत म्हणून आपले इअरफोन त्याच्या कानात खुपसले. कुठल्या तरी परदेशी माणसाचं गाणं चालू होतं, आणि तो माणूस बोटं दारात चेमटल्यासारखा ओरडत होता. काशिफला वाटलं, हा आता दचकून उठेल. तर महेंद्रच्या डोळ्यांत पाणी! या गाण्यात कुणाचा गळा कुणात उतरलाय हे कुणीच विचारत नव्हतं. फाटलेलाच आवाज पाहिजे होता, आणि तो तर त्याच्याकडं पोत्यानं होता.

दोघांनी बँड काढला. नाव काय ठेवायचं यावर पोरं आठवडाभर भांडली. कुणाला कवटी पाहिजे, कुणाला स्मशान. शेवटी काशिफ म्हणाला, "अरे, तुझं आडनावच रणशूर आहे, आणखी काय पाहिजे?" गाणी महेंद्रनं लिहिली, ती मराठीत. मेटलमध्ये भयानक काहीतरी असावं लागतं म्हणतात. महेंद्रनं आयुष्यात पाहिलेली भयानक गोष्ट म्हणजे पाण्याच्या ऐन पाळीला जळालेली डीपी. गावाकडं ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात आणि ती जळाली की घरात मयत झाल्यासारखी माणसं ओट्यावर बसतात. त्याचं पहिलं गाणं त्यावरच होतं:

डीपी जळाली, डीपी जळाली!
तारेवरची चिमणी काळी!
विहीर भरली, मोटर मेली,
रात अमुच्या वाट्याला आली!

कॉलेजच्या गॅदरिंगला हे गाणं झालं. प्राचार्यांनी मध्येच लाइट घालवले. पोरांना वाटलं, गाण्याचाच भाग आहे.

डिप्लोमा संपला तशी बँडमधली पोरं चाकणला कंपन्यांत लागली. महेंद्र गावी आला आणि लहानपणीचा दोस्त फैयाज, त्याच्या स्पीकर-मंडपाच्या दुकानात कामाला लागला. फैयाज ड्रमही वाजवायचा, वरातीतला का होईना. महेंद्रचं म्हणणं एकच. नोकरी पोटासाठी, पण आपण गायक आहोत, आणि गायकाला रियाज चुकत नाही.

पहिला रियाज त्यानं घरी केला. पोटातून जो काही हुंकार काढला, तो ऐकून त्याची आई चांगुणाबाई तव्यावरची भाकर टाकून धावत आली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "भायेरचं काय खाल्लंस रं? काढ, समदं काढ, बरं वाटंल."

"आई, गातोय मी."

चांगुणाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. कचरूनाना पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे गाणं हाय?" त्यांनी विचारलं.

"व्हय आण्णा."

"शबुद कुठाय त्यात?"

महेंद्रनं शब्द म्हणून दाखवले. नानांनी ऐकून घेतले. "लिव्हलंय चांगलं," ते म्हणाले. "पन तू जे काढतोस त्यो आवाज हाय. घरात नगं." एवढं बोलून ते पुन्हा पेपरात गेले. त्या दिवसापासून या घरात महेंद्रच्या गाण्याला "त्यो आवाज" असं नाव पडलं. चांगुणाबाई मात्र रोज सकाळी न बोलता त्याच्या डब्यात ज्येष्ठमधाची काडी ठेवायला लागली. आई ती आईच.

रियाज गेला उसात. फैयाजच्या वडिलांची, शमशेरचाचांची मका उसाला लागून होती. तिथल्या बांधावर उभा राहून महेंद्र दिवस मावळताना गायचा. आठवडाभरात गावात बोभाटा झाला की उसात बिबट्या आलाय. आणि हा बिबट्या साधा नाही, आजारी आहे. तालुक्याहून पिंजरा आला. पिंजऱ्यात शेळी बांधली गेली. महेंद्र तिच्या शेजारीच रियाज करायचा, कारण त्याला वाटलं, शेळीनं मका खाऊ नये म्हणून कुणीतरी तिला कोंडलंय. ती बिचारी पहिल्या दिवशी गर्भगळीत झाली. नंतर मात्र रवंथ करत ऐकायची. तिच्याएवढा मन लावून ऐकणारा श्रोता त्याला तोवर मिळाला नव्हता.

पिंजऱ्यात कुणी सापडलं नाही. पण शमशेरचाचांच्या ध्यानात एक गोष्ट आली. आसपासच्या सगळ्यांची मका रानडुकरांनी लोळवली होती आणि त्यांची एकट्याची ताठ उभी होती. चाचा म्हणजे पक्का शेतकरी. ते एक दिवस बांधाआड लपून बसले आणि काय तो उलगडा त्यांना झाला. "या अल्ला!" म्हणत ते बाहेर आले आणि त्यांनी महेंद्रला कडकडून मिठी मारली. "म्हेंद्या, लेका, तू रोज येत जा! चहा माझ्याकडं!"

आता फैयाजचं डोकं यंत्रासारखं चालतं. त्यानं महेंद्रचं गाणं भरून घेतलं, एक भोंगा, एक बॅटरी, वर सोलरची पाटी अशी जोडणी केली, आणि दिवस मावळला की यंत्र आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था केली. बापाच्या मक्यात पहिलं यंत्र लागलं. डुकरं अशी पळाली की गोदावरीच्या पलीकडं जाऊन थांबली म्हणतात. महिन्याभरात रांजणवाडीच्या सगळ्या शिवारात "रणशूर भोंगा" लागला. दिवेलागण झाली की चारी दिशांनी "डीपी जळाली, डीपी जळाली!" अशी गर्जना उठायची आणि माणसं म्हणायची, "चला, जेवायला बसा, म्हेंद्या लागला."

बघा आता! पुण्या-मुंबईतले मेटल गाणारे लोक रडतात की आम्हाला कुणी ऐकत नाही. इथं एका गायकाचं गाणं रोज संध्याकाळपासून पहाटेपर्यंत शिवारभर वाजत होतं. भोंग्यांच्या भाड्यावर महेंद्रचं पोट चालू लागलं. त्यानं दुकानातली नोकरी सोडली आणि केस वाढवले.

पण कुठलंही करिअर उभं करणं सोपं, टिकवणं अवघड. दोन-तीन महिन्यांत पुष्पावतीकाकू फैयाजच्या दुकानात येऊन धडकल्या. काकूंची ओढ्याकाठी मका होती आणि जीभ अशी की वांगीसुद्धा घासाघीस न करता स्वस्तात मिळत. "म्हेंद्या, तुझ्या गान्यात आता दम न्हाई राह्यला. आधी डुकरं मरनाची पळायची. आता मान वर करत्यात, जरा ऐकत्यात, आन परत खायला लागत्यात."

सवय झाली होती डुकरांना. मग काय करायचं? नवं गाणं! महेंद्रनं "कांदा सडला चाळीत" काढलं. डुकरं पळाली. पुन्हा सवय झाली. मग "ट्रॉली पलटी" काढलं, मग "सोसायटीची निवडणूक". दर थोड्या दिवसांनी त्याला नवं आणि आधीपेक्षा भयंकर गाणं द्यावंच लागायचं. डुकरासारखा कडक टीकाकार नाही. मुलाहिजा नाही, ओळख नाही, आवडलं नाही की सरळ कणसाला तोंड.

आणि शेतकरी! ज्यांनी जन्मात गिटार बघितली नव्हती ते पारावर बसून मेटलवर चर्चा करायला लागले. "निवडनुकीच्या गान्यात मधी जरा गुळगुळीत झालंय," पुंजाराम म्हणायचा. हा पुंजाराम म्हणजे गावातला मोठा बागायतदार, मनानं सरळ आणि बोलायला आडवा. "ट्रॉलीत कसं, सुरुवातीलाच छातीवर बसतंय. डुकराला ईचार करायला सवडच न्हाई." पुष्पावतीकाकूंचं मत पडलं की ड्रम कमी करून गळा वाढवावा. महेंद्र या सगळ्या सूचना गंभीरपणे ऐकायचा आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच बरोबर असायच्या.

या सगळ्या काळात एक माणूस गप्प होता. दिवस मावळला की कचरूनाना खिडकी लावून घ्यायचे. कुणी म्हणालं, "नाना, पोरानं नाव काढलं," तर ते विषय बदलायचे. महेंद्रला वाटायचं, एकदा, फक्त एकदा आण्णांनी त्याला "गाणं" म्हणावं. बाकी काही नको. ज्या माणसाच्या तोंडून अख्ख्या जिल्ह्यानं गाणं ऐकलं, त्याच्या लेखी आपण नुसता आवाज, हे त्याच्या काळजात सलत होतं.

सुगी आली. एका सकाळी पुंजारामचा ट्रॅक्टर रणशूरांच्या दारात थांबला. पुंजारामनं ज्वारीचं पोतं उतरवून ओट्याला लावलं आणि तोंड भरून हसला. "जय भीम कचरूनाना! औंदा पोरानं राखन लई भारी केली. कनीस न् कनीस घरात आलं. मनलं, सुगीचं चार दानं तुमच्याकडं टाकावं."

त्याच्या मनात काडीचं पाप नव्हतं. पण नानांचा चेहरा पांढराफटक पडला.

कारण असं. नानांचे वडील गावचे येसकर होते. येसकरानं काय करायचं? वेशीवर बसायचं, गावाची आणि रानाची राखण करायची, हाळ्या द्यायच्या, आणि सुगीला खळ्याखळ्यावर हात पसरून बलुतं घ्यायचं. दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी येसकराची घुंगराची काठी गोदावरीत सोडून दिली होती. "माझा आवाज आता गावाची राखन करनार न्हाई," असं ते म्हणाले होते. मग तोच आवाज त्यांनी पोराच्या, म्हणजे नानांच्या, गळ्यात गाणं म्हणून घातला. हे सगळं गावाला माहीत होतं आणि गाव विसरलंही होतं. विसरणं गावाला परवडतं.

नानांनी पोतं पाठीवर घेतलं आणि या वयात भर उन्हात, भर गावातून चालत पुंजारामच्या दारात नेऊन ठेवलं. पुंजाराम मागं मागं "नाना, आवो नाना" करत पळत होता. त्याला कळेना आपलं काय चुकलं. आणि मग वाटेतच कुठं तरी त्याला कळलं, तसा तो एकदम थांबला आणि तिथंच रस्त्यात उभा राहिला.

घरी येऊन नाना ओट्यावर बसले. घामानं ओलेचिंब. महेंद्र पाणी घेऊन आला.

"माझ्या बापानं काठी नदीत टाकली," नाना म्हणाले. "तू तिला भोंगा लावून परत आनलीस."

"आण्णा, ते गाणं हाय. मी राखन करत न्हाई, मी गातो."

"गाणं आसतं तर मानसं समोर बसून ऐकली आसती. मानसं झोपत्यात आन तुला डुकरं ऐकत्यात." नानांनी पाणी बाजूला सारलं. "आवाज हाय त्यो, म्हेंद्र. आन आवाजाला बलुतंच मिळतं."

असं बोललेलं माणसाला जन्मभर पुरतं. महेंद्र त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि फैयाज मोटारसायकलवर शिवारभर फिरले आणि त्यांनी एकूण एक भोंगा उतरवून आणला.

गावात हाहाकार. उन्हाळी मका उभी होती! दुकानापुढं माणसं जमली. महेंद्र बाकड्यावर उभा राहिला. "भोंगे परत लावीन," तो म्हणाला, "पन आधी कार्यक्रम हुनार. शमशेरचाचांच्या रिकाम्या रानात. तिकीट काढायचं, खुर्चीवर बसायचं आन ऐकायचं. धान्य, कांदं, ऊस, काय बी घेनार न्हाई. तिकीट."

"आरं पन ऐकून काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"ऐकायचं."

"डुकरं येत्याल का तिथं?"

"न्हाई."

"मंग गातोस कशाला?"

महेंद्रनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात गर्दीतून पुंजाराम पुढं आला. मान खाली होती. "मला दे," तो म्हणाला. "पयलं तिकीट मला दे. म्होरल्या रांगेतलं." मग बाकीचे लागले रांगेला, आपलं मक्याच्या काळजीनं का होईना.

चांगुणाबाईनंही जाऊन दोन तिकिटं काढली. फैयाज घ्यायला तयार नव्हता, तर तिनं त्याला झापलं, "फुकट ऐकायला मी काय डुक्कर हाय व्हय रं?" एक तिकीट तिनं नवऱ्याच्या चष्म्याखाली ठेवलं आणि म्हणाली, "कलावंतानं दुसऱ्याच्या कार्यक्रमाचं आमंत्रन मोडू ने, आसं तुमीच सांगत आलाव." कार्यक्रमाच्या संध्याकाळी नानांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला.

दिवस मावळायला आला होता. एका बाजूला ऊस, एका बाजूला पुष्पावतीकाकूंची मका, मधे चाचांचं नांगरलेलं रान आणि त्यात फैयाजच्या मंडपाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. चाकणहून काशिफ गिटार घेऊन आला होता. पहिल्या रांगेत कडेला कचरूनाना हाताची घडी घालून बसले. लोक सत्यनारायणाला बसल्यासारखे गुडघे जुळवून बसले होते. हात कुठं ठेवावेत ते कुणालाच कळत नव्हतं.

महेंद्रनं "ट्रॉली पलटी"नं सुरुवात केली. कुणी हललं नाही. "कांदा सडला"लाही नाही. घामाच्या धारा लागल्या. मग काशिफनं "डीपी जळाली" छेडलं, आणि गंमत झाली. पहिल्या रांगेत पुंजारामचे ओठ हलायला लागले. मग मागच्या रांगेतले. पोराबाळांचे, म्हाताऱ्यांचे. का नाही हलणार? महिनोन् महिने हे गाणं रोज त्यांच्या उशाशी वाजलं होतं. जेवताना, भांडताना, लेकराला थोपटताना त्यांनी ते ऐकलं होतं. "विहीर भरली!" महेंद्र गरजला, आणि सगळं रान ओरडलं, "मोटर मेली!"

महेंद्र इतका हबकला की दुसरं कडवं सोडून तिसऱ्यावर गेला. तशी पुष्पावतीकाकू खुर्चीतूनच ओरडल्या, "ये! वायरमनचं कडवं गाळलंस!"

"गाळलंस, गाळलंस!" मागून गिल्ला झाला.

कचरूनानांनी हाताची घडी सोडली आणि मागं वळून बघितलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेका चेहऱ्याकडं बघितलं. शेवटच्या रांगेतली बहिरी म्हातारीसुद्धा, तीच ती, तोंडानं वायरमनचं कडवं म्हणत होती.

महेंद्रनं कडवं परत घेतलं. "वायरमन गेला लग्नाला, फोन लागंना कोणाला..." आणि एवढ्यात उसात खसफस झाली. आधी एक नर डुक्कर बाहेर आला. मग माद्या, मग पिलावळ, अशी ही पलटण. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, पण डुकरांच्या कधीच आलं होतं. हा आवाज जिथं, तिथं खायला असतं. भोंगे बंद झाल्यापासून ती बिचारी दिवस न् दिवस हा आवाज शोधत फिरत असणार. आता तो सापडल्यावर ती थेट कार्यक्रमाला आली, तीही बिनतिकीट.

एकच गोंधळ उडाला. खुर्च्या पडल्या, कुणी कुणाच्या अंगावर, पुंजाराम चक्क स्टेजवर. फैयाजच्या हातातली टिपरी गळून पडली. महेंद्र गाता गाता थांबला. संपलं सगळं, त्याच्या मनात आलं. शेवटी डुकरंच आली.

तेवढ्यात पांढरा सदरा उभा राहिला. माइक नाही, काही नाही. जिल्हाभर गाजलेला तो गळा कडाडला:

"बसा खाली! समदी बसा! पोराचं गाणं चालू हाय!"

लहानपणापासून त्या आवाजासमोर बसलेलं गाव. पळत होतं तसं थांबलं आणि मिळेल त्या खुर्चीवर, ढेकळावर, एकमेकांच्या मांडीवर बसलं. पुंजाराम स्टेजवरच मांडी घालून बसला. नर डुक्करही बसला असं सांगणारे लोक गावात आहेत, पण तो थांबला एवढंच मी सांगीन.

नाना मुलाकडं वळले. "थांबलास कशापायी? कडवं अर्ध्यात सोडत्यात व्हय? म्हन म्होरं."

"गाणं" म्हणाले होते आण्णा. महेंद्रनं माइक तोंडाशी नेला. पोटातून गर्जना काढायला गेला, पण गळा भरून आला होता, गर्जना काही येईना. आलं ते भलतंच. बारीक, स्वच्छ, गोड, जसं लहानपणी कोरसमध्ये यायचं तसं, आणि थेट बापासारखं:

अंधार बसला उशाला,
ऊस वाळला उभा...

असला आवाज डुकरांनी जन्मात ऐकला नव्हता. नर दचकला, गर्रकन फिरला आणि ती सगळी पलटण शेपट्या वर करून उसात अशी घुसली की पाती हलायची थांबेपर्यंत ती गोदावरीवर पोचली असेल.

पुंजाराम स्टेजवरून किंचाळला, "फैयाज! हेच भर! मशीनमधी हेच भर!"

"व्हय व्हय, हेच भरा!" पुष्पावतीकाकू उठून उभ्या राहिल्या.

कचरूनानांनी त्यांच्याकडं अशी नजर टाकली की काकू मुकाट बसल्या.

"मशीनबिशीन काय न्हाई," नाना म्हणाले. "ऐकायचं आसंल तर तिकीट काढायचं आन हितं येऊन बसायचं."

मग त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं चष्मा पुसला, पडलेली खुर्ची सरळ केली, आणि पुढच्या कडव्याची वाट बघत तिच्यावर बसले.